सी ड्राइव्ह भरलाय? आधी हे वाच

अरे, सी लाल झाला म्हणून लगेच पार्टिशनला (एकाच डिस्कचे पाडलेले भाग, म्हणजे तुझे सी आणि डी) हात घालू नकोस. आधी बॅकअप. लॅमिंग्टन रोडला जाऊन १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क घे, हवी तेवढी घासाघीस कर, पण घे. डीवर कॉपी मारून ठेवलीस तर तो बॅकअप नव्हे. डिस्क तीच आहे.

आता तुझी खरी अडचण. सीला जागा द्यायला डी श्रिंक, म्हणजे लहान केलास, तरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढवायचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडंच दिसतंय, दाबताच येत नाही ना? विंडोजला रिकामी जागा सीच्या उजवीकडे, अगदी चिकटून लागते. तू मोकळी केलीस ती डीच्या पलीकडे. लोकलच्या बाकावर खिडकीशी जागा झाली, तरी मधले सरकल्याशिवाय तुला टेकता येत नाही, तसं.

जीपार्टेड हे पार्टिशन हलवायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून बूट करून डी सरकवता येतो. पण त्यात आतला डेटा हलतो, तासन्‌तास जातात, आणि मध्येच लाइट गेली तर बोंबला! डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय नकोच.

मी तर सरळ डीमधलं सगळं बाहेर काढतो, उघडून तपासतो, मग डी डिलीट, सी एक्स्टेंड आणि उरलेल्यात नवा डी. डीवर प्रोग्राम इन्स्टॉल केले असशील तर मात्र ते आधी अनइन्स्टॉल कर. मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आडवं आलं तर उडवू नकोस, स्क्रीनशॉट पाठव.

आणि बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का बघ. असेल तर रिकव्हरी की (अडकलास तर ते कुलूप उघडणारा आकडा) कागदावर लिहून घे, आजच.