रात्री एक वाजता येणारा फोन

"माझ्याशी इथे कुणी बोलतच नाही. माझं काय चुकतंय?"

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून वारंवार ऐकते. जपानमधली मुलं तो विचारतात तेव्हा त्यात थोडी लाजही मिसळलेली असते. तिथे त्यांना कुणी त्रास दिलेला नसतो. सगळे अदबीने वागतात, रस्ते स्वच्छ, गाड्या वेळेवर. मग तक्रार करायची तरी कशाची?

मुक्ता सांगलीजवळच्या एका गावातली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुण्यात पदवी घेता घेता ती जपानी शिकली, त्या भाषेची एन-थ्री ही मधल्या पातळीची परीक्षा पास झाली आणि ऑक्टोबरमध्ये पुढच्या शिक्षणासाठी जपानमधल्या ओकायामा शहरात गेली. निघण्याआधी मैत्रिणींबरोबर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फोटो काढले होते. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. आता मूळ बाग बघायला मिळणार, याचं तिला कोण अप्रूप! मे महिन्यात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, तोवर कोराकुएनला ती एकदाच जाऊन आली होती. एकटीच.

एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानमध्ये लागून सुट्ट्या येतात, त्याला तिथे 'गोल्डन वीक' म्हणतात. प्रयोगशाळेतली सगळी मुलं आपापल्या गावी गेली. मुक्ता खोलीवर आणि कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात. तिथे ती आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच ते दहा काम करते. विद्यार्थ्यांना परवाना काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. ती त्याच्या बरंच आत होती, त्यामुळे कामाच्या ओझ्याने थकली असेल असं मला वाटलं नाही.

"मॅडम, गिऱ्हाईक आलं की 'इराश्शाइमासे' म्हणायचं. दोनशे वेळा तरी म्हणत असेन. उत्तर कुणी देत नाही, तशी रीतच आहे. पाच तास तोंड मिटत नाही, आणि खोलीवर आल्यावर लक्षात येतं, आज आपल्याशी कुणी बोललंच नाही."

मग कचऱ्याचा विषय निघाला आणि ती रडायला लागली. तिथे जळणारा कचरा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या सगळं वेगळं करावं लागतं आणि ठरलेल्या वारी सकाळी लवकर ठेवावं लागतं. तिची एक पिशवी न उचलता तशीच ठेवलेली होती, वर चिठ्ठी चिकटवलेली. त्यातली अर्धी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, तिला वाचता येईना. "आठ महिन्यांत मला कुणीतरी काहीतरी लिहिलं, तर हे," ती म्हणाली. ते वाक्य मी माझ्या वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलं.

त्या दिवशी मी तिला जो सल्ला दिला तो चुकीचा होता. मी म्हटलं, तूच पुढाकार घे, प्रयोगशाळेतल्या मुलांना जेवायला बोलाव. आपल्याकडे हे सहज चालतं. तिने दुसऱ्याच दिवशी तिघांना "आज संध्याकाळी माझ्याकडे या" म्हणून सांगितलं. एकेकाने "आज जरा..." एवढंच म्हणून वाक्य अर्धवट सोडलं. तिथे नकार असाच देतात, तोंडावर 'नाही' म्हणायचं टाळतात. मुक्ताला भाषा येत असल्यामुळे तो नकार पुरता कळला आणि जास्तच लागला. आधी तिथल्या रीती तिलाच विचारायला हव्या होत्या. मी तिची माफी मागितली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी मी आधी जे विचारायचं ते विचारलं. झोप, भूक, अभ्यास. आणि सरळ शब्दांत: जीव नकोसा होतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का? हा प्रश्न विचारल्याने मुलांच्या मनात तसे विचार येतील, अशी पालकांना भीती वाटते. तसं होत नाही. उलट विचारल्यावर मुलं सुटकेचा श्वास टाकतात. मुक्ता म्हणाली, "मरावंसं नाही वाटत. पण सकाळी उठावंसंही नाही वाटत." म्हणून मी तिला विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात जायला सांगितलं. पुण्यात बसून मी तिचा एकमेव आधार होऊ नये, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिला भीती होती की प्राध्यापकांना कळेल, व्हिसावर परिणाम होईल. समुपदेशकाकडे गेल्याने व्हिसा जात नाही आणि तिथलं बोलणं गुप्त ठेवण्याचं बंधन तिथल्या समुपदेशकावरही असतं. डॉक्टरकडे जावं लागलंच असतं, तर राष्ट्रीय आरोग्य विम्यामुळे तिला खर्चाचा ३० टक्के भाग भरावा लागला असता. हा विमा तिथल्या विद्यार्थ्यांना काढावाच लागतो, पण आजारी मनासाठीही तो वापरता येतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सगळं सोडून परत येण्याचा विचारही तिच्या डोक्यात होता. मी तिला फक्त एवढं सांगितलं की काहीही ठरवण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचार. तीन महिने शिक्षण बंद राहिलं तर विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवाना धोक्यात येऊ शकतो. न सांगता घरी येऊन बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

झोपेचं विचारताना खरी गाठ सापडली. "किती वाजता झोपतेस?" "अडीचला." "एवढं काय करतेस?" बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आईचा फोन असतो."

आई स्वयंपाकघर आवरून साडेनऊला फोन करायची. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथे रात्रीचा एक. पाऊण तास बोलणं, मग अंथरुणात पडून छताकडे बघत राहणं. सकाळी सातला उठून कचरा ठेवायचा, प्रयोगशाळा गाठायची. महिनोन्‌महिने साडेचार तास झोप. अशा डोक्याला ट्राममधली शेजारची रिकामी जागाही अपमानासारखी दिसते. "आईला सांगितलं का नाहीस?" "दिवसभर ती त्याच फोनची वाट बघते. मी झोपते म्हटलं तर तिला वाटेल, पोरगी तुटली."

आईशी मी तिच्या परवानगीने बोलले. माउली थक्क झाली. "अहो मॅडम, मला वाटायचं तिथे संध्याकाळच असेल. आवाज तर किती ताजा असायचा तिचा!" तो ताजा आवाज काढायला लेकीला काय पडायचं, ते मी त्यांना नाही सांगितलं. फोन साडेसहाला घ्यायचा ठरला. इथली दिवेलागण, तिथले दहा. त्या वेळी दुकानातून सुटून ती चालत खोलीवर जात असते, आणि ज्या दिवशी काम नसेल तेव्हा मोकळीच असते. मला विचाराल तर या सगळ्या कामात माझा सर्वांत उपयोगी पडलेला सल्ला हाच.

झोप सात तासांवर आल्यावर मुक्ताची एक वही सुरू केली. एका रकान्यात काय घडलं, दुसऱ्यात तिने त्याचा काय अर्थ लावला. तिसरा रकाना मुक्तानेच वाढवला: इथल्या कुणाला विचारलं तर? विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी नेमून दिलेला एक सोबती-विद्यार्थी होता, त्याला तिने ट्रामची जागा, अर्धवट वाक्यं, सगळं विचारलं. तो म्हणाला, जेवायचं निमंत्रण त्याच दिवशीचं होतं, आम्ही पंधरा दिवस आधी ठरवतो. आणि तू कानात इअरफोन घालून बसतेस, आम्हाला वाटलं तुला शांतता हवी. मग त्याने तिला एक शब्द सांगितला: 'गोगात्सुब्यो', मे महिन्याचा आजार. एप्रिलमध्ये कॉलेजांचं, कचेऱ्यांचं नवं वर्ष सुरू होतं, उत्साह असतो, सुट्ट्या संपल्या की मन खचतं. नव्या विद्यार्थ्यांना होतं, नव्या नोकरदारांना होतं. तो स्वतः दुसऱ्या प्रांतातून आला तेव्हा पहिल्या मेमध्ये आठवडाभर खोलीबाहेर पडला नव्हता. आपल्या दुःखाला तिथल्या भाषेत नाव आहे, हे ऐकून ती किती हलकी झाली ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

सगळंच तिच्या मनाचे खेळ होते, असं मात्र मी तिला कधी म्हटलं नाही. खोली शोधताना एका ठिकाणी "परदेशी नको" असं तिला ऐकावं लागलं होतं. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. त्या नोंदीसमोरचा दुसरा रकाना आम्ही खोडला नाही. जे खरंच लागलं ते लागलं म्हणून लिहायचं, म्हणजे मग उरलेल्या नोंदींकडे नीट बघता येतं.

जूनमधल्या एका बैठकीत ती म्हणाली, "मॅडम, इथे घरातून निघताना 'इत्तेकिमासु' म्हणतात. अगदी आपलं 'जाऊन येते'. घरातलं माणूस म्हणतं 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये. पहिले काही महिने मी ते खोलीच्या दाराला म्हणायचे. मग बंद केलं."

"आणि प्रयोगशाळेतून बाहेर जाताना?"

ती थांबली. तिथे सगळे म्हणतात, म्हणाली. तीही पुटपुटायची. उत्तर येतं की नाही याकडे तिचं लक्षच नव्हतं, कारण ते ठरलेले शब्द, त्यांना बोलणं कसं म्हणायचं? मी तिला विचारलं, गावाकडे पारावरून "काय पोरी, कधी आलीस?" असं कुणी म्हणालं तर त्याला तू बोलणं धरतेस की नाही? पुढचा आठवडाभर तिने ते शब्द वहीत मोजले. एका दिवसात अकरा जणांनी तिला काही ना काही म्हटलं होतं. 'ओत्सुकारेसामा' (काम संपल्यावर एकमेकांना म्हणायचं, 'दमलीस हं' अशा अर्थी), 'इत्तेराश्शाइ', 'गुड मॉर्निंग'ला असलेला जपानी शब्द. इअरफोन खिशात गेले. मग कुणीतरी विचारलं, आज कुठे निघालीस? तिथून पुढचं तिचं तिने केलं.

टोकियोत असती तर निशिकासाईत भारतीय शेजार मिळाला असता. ओकायामात तिला आपली माणसं मोजकीच भेटली, आणि त्याची उणीव अजूनही आहे. गणपतीत ती पुन्हा रडली. त्यात मला काळजीचं काही वाटलं नाही.

दिवाळीच्या सुमारास आईचा मला फोन आला. "मॅडम, दर गुरुवारी ती फोन उचलत नाही. दिवा लावून मी बसून राहते. काही झालं नसेल ना?"

मी मुक्ताला विचारलं. गुरुवारी प्रयोगशाळेतली मुलं मिळून जेवायला जातात, पंधरा दिवस आधी ठरवून. परतायला अकरा होतात.

"आईला सांगितलंस?"

"तिला वाईट वाटेल."

"आज सांग," मी म्हटलं. "साडेसहाला."