बडोद्याच्या म्युझियममधली ममी आणि सासूबाईंची आंघोळ

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: बडोद्याच्या कमाटीबागेतलं म्युझियम खरंच झपाटलेलं आहे का, सहा वर्षांच्या मुलाला ममी दाखवावी का, आणि ती पाहिल्यावर आंघोळ करावी लागेल या सासूबाईंच्या म्हणण्याचं काय करायचं.

मी बडोद्याच्याच दांडिया बाजारातला, त्यामुळे या भुताशी जुनी ओळख आहे. शाळेच्या सहलीत वरच्या वर्गातली मुलं हमखास सांगायची की रात्री ममी पेटीतून उठते आणि देवमाशाच्या सांगाड्याखाली जाऊन बसते. एवढ्या मोठ्या इमारतीत तिला नेमकी तीच जागा का आवडावी, ते कोणी सांगत नसे.

भूतबित काही नाही. भीती मात्र वाटते, आणि ती इमारतच घालते. 1894 मध्ये पुरं झालेलं बांधकाम, उंच छतं, मोठाली दालनं. गर्दी नसेल तर आपल्याच चपलांचा आवाज घुमून मागून येतो. जुनं लाकूड दिवसभर तापतं, उन्हं उतरली की करकरतं. जुनी चित्रं आणि कापड प्रखर उजेडात विटतात, म्हणून अशा ठिकाणी दिवे मंदच ठेवतात. त्यात पेंढा भरलेल्या प्राण्यांचे काचेचे डोळे. या सगळ्यातून चालत माणूस ममीपाशी पोचतो तेव्हा निम्मा घाबरलेलाच असतो. उरलेलं काम बरोबरचा आतेभाऊ करतो.

आता ममी. सयाजीराव महाराजांनी ती 1895 मध्ये विकत घेतली. विशीतल्या मुलीची आहे असं सांगतात. मुलाला हेच सांगा, ते भुताहून जास्त लक्षात राहतं: इजिप्तमधले लोक देहातले अवयव काढून घेत, नेट्रॉन नावाच्या खनिज मिठात देह वाळवत आणि मग कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळत. पाणी नाही म्हणून कुजणं नाही. वाळवंटात हे सोपं होतं, इथे आषाढ-श्रावणात भिंतींनाही ओल येते. ममीला खरा धोका आहे तो दमटपणाचा आणि बुरशीचा. उठून फिरणं सोडाच, ती आहे तशी टिकवणं हीच मोठी मेहनत आहे. कोलकाता, जयपूर, हैदराबाद इथल्या संग्रहालयांतही ममी आहेत, तिथल्या मुलांकडेही अशाच कहाण्या असणार.

फक्त 'उठेल बरं का' अशी गंमत करू नका. सहाव्या वर्षी ती गंमत रात्री अंथरुणात येते. ममी आधी पाहा आणि देवमासा नंतर. 1944 मध्ये माही नदीच्या मुखाशी आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, लांबी सुमारे 22 मीटर. शेपटीपासून डोक्यापर्यंत त्याला पावलं मोजत चालू द्या, घरी जाऊन तो त्याचंच सांगेल.

मोठ्यांसाठी अकोट्याच्या जैन धातुमूर्ती चुकवू नका. अकोटा म्हणजे आज बडोद्यातलीच वस्ती, तिथे जमिनीत हा साठा सापडला. माझ्या मते म्युझियममधली सर्वांत मोलाची गोष्ट ती, आणि लोक ममीच्या घाईत तिच्यासमोरून निघून जातात. शेजारच्या पिक्चर गॅलरीत युरोपीय चित्रं आहेत. रविवर्म्यासाठी मात्र लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात जा.

सासूबाईंशी वाद घालू नका. मृतदेह पाहिला की आंघोळ, हे त्यांच्या मनात पक्कं आहे आणि त्यात कुणाचं नुकसान नाही. त्यांना पिक्चर गॅलरी दाखवा, ममीच्या वेळी कुणीतरी त्यांच्याबरोबर बाहेर बाकावर बसा. तरी बघायचीच म्हणाल्या (माझी आत्या अशीच ऐनवेळी सर्वांत पुढे उभी राहिली होती), तर घरी येऊन करू द्या आंघोळ. बडोद्याच्या उन्हात फिरून आल्यावर तुम्हीही करणारच आहात.

भ्यायचंच असेल तर विश्वामित्री नदीला भ्या. बागेलगत वाहते आणि तिच्यात खऱ्या मगरी आहेत. 2019 आणि 2024 च्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या होत्या. मुलाला नदीकाठी मोकळं सोडू नका. निघण्याआधी म्युझियमची वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि शक्यतो सकाळी उघडल्या उघडल्या पोचा; शाळांच्या सहली आल्या की ममीपाशी उभं राहायलाही जागा मिळत नाही.