आधी झाडाचं नाव विचार

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. निवडुंगातून अल्कलॉइड, म्हणजे झाडातलं नायट्रोजन असलेलं आणि बहुधा आम्लारी असं रसायन, कसं काढायचं, द्रावक कुठला घ्यायचा, उतारा किती पडतो, असे तीन पानं भरून प्रश्न आहेत, आणि झाडाचं नाव मात्र एकदाही नाही. 'बांधावरचा निवडुंग' एवढंच. अगं, धुळ्यापासून शहाद्यापर्यंत बांधावर जे जे काटेरी उभं आहे, त्या सगळ्याला आपल्याकडे निवडुंगच म्हणतात.

मीही तसंच म्हणत होतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी लळिंगच्या बाजूने एक तीनधारी फांदी तोडून आणली. कापताना पांढरं दूध उडालं, तोच हात डोळ्याला लागला, आणि दोन दिवस मी अंधाऱ्या खोलीत पडून होतो. तरी परत येऊन ड्रॅगनडॉर्फची चाचणी केलीच. बिस्मथ आणि आयोडाइडचं ते द्रावण टाकताच नारिंगी साका बसला. अल्कलॉइड सापडलं म्हणून मी विभागभर सांगत सुटलो. विभागातल्या ज्येष्ठ सरांनी साका पाहिला आणि विचारलं, "झाड कोणतं? आणि नुसत्या प्रथिनांवर ही चाचणी करून पाहिलीस का?" दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. प्रथिनंही कधी कधी असाच साका देतात. आणि ते झाड युफोर्बिया, म्हणजे शेराच्या कुळातलं. कॅक्टसचा त्याच्याशी काही संबंध नाही, दोन्ही रखरखीत जागी राहून सारखी दिसायला लागली इतकंच. त्या दुधात त्वचा आणि डोळे जाळणारी डायटर्पीन एस्टरं असतात, त्यांत नायट्रोजनच नसतो.

आपल्या बांधावरचा खरा कॅक्टस म्हणजे फड्या निवडुंग, ओपन्शिया. त्याचे काटे एका छोट्या उशीतून झुपक्याने निघतात आणि फड कापला तर दूध नाही, बुळबुळीत चीक येतो. एवढं पाहिल्याशिवाय सुरी लावू नकोस.

तू विचारलंस ते मेस्कलिन या भास घडवणाऱ्या अल्कलॉइडबद्दल, हे मला कळलं. ते पेयोटी नावाच्या, काटेच नसलेल्या मेक्सिकोकडच्या कॅक्टसमध्ये असतं. आर्थर हेफ्टर या जर्मन शास्त्रज्ञाने त्यातली अल्कलॉइडं वेगवेगळी केली आणि एकेक स्वतः घेऊन १८९७ साली त्यातलं भास घडवणारं कोणतं ते ठरवलं. रेणूची रचना मात्र १९१९ मध्ये, एर्न्स्ट श्पेटने ते प्रयोगशाळेत घडवलं तेव्हा पक्की झाली. म्हणजे बाटलीत पदार्थ होता, पण त्याची रचना पक्की व्हायला २२ वर्षं गेली. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात मेस्कलिन यादीवर आहे, म्हणून त्याची कृती मी लिहिणार नाही आणि तूही शोधू नकोस.

तत्त्व मात्र शिकायलाच हवं. बहुतेक अल्कलॉइडं आम्लारी असतात. आम्लात त्यांचा क्षार होतो आणि तो पाण्यात उतरतो, आम्लारी घातलं की ती पुन्हा मोकळी होऊन द्रावकात जातात. पण नायट्रोजन आहे म्हणून पदार्थ आम्लारी असेलच असं धरून चालू नकोस. नंदुरबारच्या मिरचीतलं कॅप्सेसिन घे. त्यातला नायट्रोजन अमाइडमध्ये अडकलेला आहे, त्यामुळे ते आम्लाला दाद देत नाही. मिरच्या खुडून झाल्यावर आई हाताला तेल का चोळते, तेही यातच आलं. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही.

आता खरी गंमत. फड्या निवडुंगाच्या पिकल्या फळाचा जांभळट लाल रंग हा बीटाच्या कुळातला, बीटालेन. त्यात नायट्रोजन आहे, आणि एके काळी या रंगांना चक्क रंगीत अल्कलॉइडंच म्हणत. पेयोटीतलं मेस्कलिन जिथून सुरू होतं, त्याच टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून हाही रंग बनतो. मग हेच काढ. फळ हातात धरू नकोस, चिमट्याने धरून जाळावर फिरव, म्हणजे कुसळं जळतील. गर थंड पाण्यात लिंबाचे चार थेंब घालून कालव आणि गाळ. उकळू नकोस, रंग जातो. गाळताना चीक अडवेल, सगळा वैताग तिथेच आहे. थोडं थोडं अल्कोहोल घाल, चिकाचे दोरे वेगळे होतात आणि मग गाळणं सोपं जातं. नंतर एका भागात धुण्याचा सोडा टाकून बघ, रंग पिवळा पडेल. जांभळाच्या रंगाला असंच केलंस तर तो निळ्या-हिरव्याकडे झुकतो, कारण तो वेगळाच रंग आहे. कलरीमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, ५३५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण सर्वांत जास्त दिसलं, तर त्याला बीटानिन, म्हणजे बीटालेनांपैकी लाल रंग, म्हणायला हरकत नाही.

याच फडावर कधी पांढरा कापूस लागलेला दिसला तर त्याखालचा किडा चिरडून बघ. तोही लाल निघेल, पण तो रंग कार्मिनिक आम्लाचा, आणि त्यात नायट्रोजन नाही. एकाच झाडावर दोन लाल, आणि दोघांचं रसायन निराळं! ईस्ट इंडिया कंपनीने १७९५ मध्ये रंगासाठी हा किडा ब्राझीलहून आणवला, पण तो हवा असलेला नव्हता, दुसऱ्याच जातीचा होता. रंग बेताचाच मिळाला, किड्याने मात्र निवडुंगाची रानंच्या रानं खाल्ली. तणावर किडा सोडून ते आटोक्यात आणण्याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून आता तेच सांगतात. इतक्या मोठ्या कंपनीचीही माझ्यासारखीच गत झाली, याचा मला अजून थोडा आनंद होतो.

फळं लाल झाली की कळव. नव्या वहीत पहिल्या पानावर झाडाचं चित्र काढ, काट्यांच्या उशीसकट, आणि मगच ये. चष्मा विसरू नकोस.

तुझे सर