फ्रीज गळतोय म्हणून लगेच गॅस भरू नका

या वेळी बऱ्याच जणांनी पाण्याबद्दलच विचारलंय, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. उत्तरं वाचायच्या आधी एक काम करा, तुमच्याकडे पाणी नेमकं कुठे दिसतं, कधी दिसतं आणि किती असतं हे दोन दिवस बघून लिहून ठेवा. मेकॅनिकला फोन केल्यावर "फ्रीज गळतोय" एवढंच सांगितलं तर तो बिचारा तरी काय करणार.

प्रश्न : किचनमध्ये चार दरवाजांचा स्टीलचा उभा चिलर आहे. रोज सकाळी उघडला की आत तळाला पाणी साचलेलं असतं, कधी कधी दरवाजातून बाहेरही येतं. कूलिंग व्यवस्थित आहे. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय, भरावा लागेल. भरू का?

नको, निदान अजून तरी नको. गॅस लीक झाला तर त्याचं पाणी होत नाही, तो हवेत उडून जातो, आणि कूलिंग व्यवस्थित आहे असं तुम्हीच लिहिलंय.

पाणी येतं ते हवेतून. दरवाजा उघडला की बाहेरची दमट हवा आत शिरते, कूलिंग कॉइलवर गार पडते आणि तिच्यातला ओलावा कॉइलवर जमतो, कधी पाणी म्हणून, कधी पांढरा बर्फ म्हणून. तुमच्यासारख्या चिलरमध्ये कंप्रेसर बंद असताना आतला फॅन बहुतेक वेळा चालूच असतो, आतली हवा शून्याच्या वर असते, त्यामुळे तो बर्फ आपोआप वितळतो, पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडतं, तिथून ड्रेन पाइपने खाली कंप्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने वाफ होऊन उडून जातं. म्हणजे चांगल्या चालणाऱ्या फ्रीजमध्येसुद्धा रोज पाणी तयार होतच असतं. फक्त ते ठरलेल्या वाटेने जातंय का, एवढंच बघायचं.

टेस्ट सोपी आहे. प्लग काढा, कॉइलचं कव्हर उघडा आणि वरच्या ट्रेमध्ये ग्लासभर कोमट पाणी हळू ओता. ते सरळ निघून गेलं पाहिजे आणि खालच्या ट्रेमध्ये दिसलं पाहिजे. ट्रेमध्येच तुंबून राहिलं तर ड्रेन चोकअप आहे. वरून गेलं पण खाली आलंच नाही, तर मागच्या पॅनलच्या आत पाइप जॉइंटमधून निसटलाय आणि पाणी भलतीकडे मुरतंय, हे जास्त वाईट, कारण इन्सुलेशन एकदा भिजलं की वाळत नाही. आणि सगळं पाणी नीट खाली आलं, तर मग ट्रेला चीर गेलीय का, ट्रे वाकडी बसलीय का, फ्रीज एका बाजूला कललाय का, हे बघायचं. ट्रेच्या खाली सगळीकडे कोरडा टिश्यू लावून ठेवा, जिथे आधी ओला होईल तिथेच दुखणं.

माझा अंदाज चोकअपचा आहे. ड्रेनमध्ये बुळबुळीत थर धरतो, त्यात लेबलचे तुकडे, प्लास्टिकची चिंधी, सांडलेलं काहीबाही अडकतं. साफ करताना वरून ढोसू नका, खालच्या टोकाला पाणी ओढणारा व्हॅक्युम लावून कचरा ओढून काढा, मग कोमट पाणी सोडा, लागलंच तर नायलॉनची जाड लवचीक तार फिरवा. लोखंडी तार घातली तर पाइपला भोक पडू शकतं, आणि टायरमध्ये हवा भरतात तशा कंप्रेसरची हवा जोरात मारली तर आतला जॉइंट सुटतो, मग वर सांगितलेलं इन्सुलेशनचं झंझट आपणच ओढवून घेतलं म्हणायचं.

आता मेकॅनिकची बाजू पण ऐकू. गॅस कमी असला तर पाणी सांडू शकतं, पण वेगळ्या रस्त्याने. अशा वेळी कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-चार नळ्यांवरच बर्फाचा गोळा धरतो, बाकी कॉइल कोरडी राहते, तो गोळा वाढत वाढत ट्रेच्या बाहेर येतो आणि वितळला की ट्रेमध्ये न पडता बाजूला टपकतो. पण त्यासोबत कूलिंगही पडतं, कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा कॅपिलरी ही बारीक नळी अर्धवट चोक असली तरी साधारण असंच चित्र दिसतं, त्यामुळे तेवढ्यावरूनही गॅस कमी असं छातीठोक म्हणता येत नाही.) याउलट पूर्ण कॉइल एकसारखी बर्फाने भरली असेल तर डिफ्रॉस्ट (म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणं), फॅन किंवा दरवाजा बघायचा. तेव्हा मेकॅनिकला म्हणा, दादा आधी कव्हर उघडून कॉइल दाखवा. आणि गॅस खरंच कमी निघाला तर लीक शोधून ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून ती जागा बंद, झाल्याशिवाय भरून घेऊ नका, बंद सिस्टीममधला गॅस वापरून संपत नाही, गेला असेल तर कुठून तरी गेलाय.

प्रश्न : उभा डीप फ्रीजर, आत फॅन आहे. तळाला बर्फाची लादी जमते आणि दरवाजा नीट लागत नाही. गरम पाणी ओतून ड्रेन मोकळा केला की चालू होतो पण थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

गरम पाण्याने मोकळा होतो म्हणजे आत कचरा नाहीये, बर्फ आहे. बहुतेक तुमचा ड्रेन हीटर गेलाय.

फ्रीजर उणे १८ अंशांवर चालतो. डिफ्रॉस्टचं पाणी कॉइलवरून सुटतं तेव्हा ते शून्याच्या जेमतेम वर असतं आणि त्याला गोठलेल्या भागातूनच बाहेर पडायचं असतं, म्हणून ड्रेनच्या तोंडाशी किंवा पाइपच्या आत एक हीटरची वायर दिलेली असते. ती तुटली की प्रत्येक डिफ्रॉस्टला पाइपमध्ये बर्फाचा एक थर चढतो, मग पूर्ण बंद, मग पाणी ट्रेवरून सांडून तळाला लादी. तुम्ही गरम पाणी ओतता तेव्हा फक्त बर्फ जातो, हीटर मेलेलाच राहतो.

चेक करायला पॉवर पूर्ण बंद करा, हीटरची एक वायर सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर लावा. काहीच रीडिंग नाही म्हणजे हीटर ओपन, आतून तुटलेला. रीडिंग आलं तर ते बरोबर आहे का हे पण बघता येतं, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे २३० व्होल्टचा ५० वॅटचा हीटर असेल तर १०५० ओहमच्या आसपास. हीटर चांगला असेल तर मग त्याला सप्लाय येतोय का बघायचं, पण हे ज्याला विजेचं काम येतं त्यानेच, आणि वायरिंग डायग्राम समोर ठेवून, कारण काही मशीनमध्ये ड्रेन हीटर कायम चालू असतो आणि काहींमध्ये फक्त डिफ्रॉस्टच्या वेळी. चुकीच्या वेळी मीटर लावला तर चांगला कंट्रोलर उगाच बदलला जातो.

हीटर ठीक निघाला तर एक डिफ्रॉस्ट हाताने चालू करा आणि उभं राहून बघा, दुसरा उपाय नाही. साधारण १५ ते ३० मिनिटांत कॉइल पूर्ण स्वच्छ व्हायला हवी. मध्येच बंद झालं आणि खालच्या बाजूला बर्फ राहिला तर डिफ्रॉस्ट संपवणारा सेन्सर किंवा थर्मोस्टॅट लवकर तोडतोय, किंवा हीटरचा एक भाग मेलाय. तो उरलेला बर्फ पुढच्या वेळी अजून घट्ट होतो. फॅन कधी सुरू होतो हेही बघा. डिफ्रॉस्टनंतर पाणी निथळायला थोडा वेळ द्यावा लागतो आणि कॉइल पुन्हा गार झाल्यावरच फॅन फिरायला हवा. लगेच फिरला तर कॉइलवरचे थेंब उडून छताला, फॅनच्या जाळीला, मालाला चिकटतात. जाळीवर बर्फाचे बारीक दाणे दिसत असतील तर हेच.

आणि लादी काढताना सुरी, स्क्रूड्रायव्हर, बर्फ फोडायचा टोच्या यातलं काहीही कॉइलच्या जवळ नेऊ नका. हल्ली बऱ्याच छोट्या कमर्शियल फ्रीजमध्ये आर-२९० असतो, म्हणजे सरळ प्रोपेन, पेट घेणारा गॅस. नळीला भोक पडलं तर प्रश्न पाण्याचा राहत नाही. त्याच कारणासाठी टॉर्च, बर्नर वगैरे पण नको. माल हलवा, दरवाजा उघडा ठेवा, गरम पाण्याची भांडी आत ठेवा आणि वाट बघा, कंटाळवाणं आहे पण तेच बरोबर आहे.

प्रश्न : आतून काहीच प्रॉब्लेम नाही. पण हवा दमट असली की खालची ट्रे भरून मागे पाणी वाहतं. इतर वेळी कोरडं.

दमट हवेत दोन्हीकडून मार बसतो, आत जास्त ओलावा शिरतो म्हणून पाणी जास्त होतं, आणि बाहेरची हवा आधीच ओली म्हणून ट्रेमधलं पाणी उडतं कमी.

पहिले ट्रे जागेवर आहे का बघा. हसू नका, साफसफाई करताना ट्रे ओढतात आणि परत ढकलताना ती चार बोटं इकडेतिकडे जाते, मग पाइपचा थेंब ट्रेच्या कडेवर पडतो. हे इतकं कॉमन आहे की मी मागे गेलो की आधी तेच बघतो.

नंतर दरवाजाचं रबर. कागदाची पट्टी दरवाजात धरून बंद करा आणि ओढा, ओढताना थोडा तरी विरोध लागला पाहिजे, असं चारही बाजूंनी करा, कोपऱ्यात आणि बिजागरीच्या बाजूला जास्त लक्ष द्या. सैल लागलं म्हणून लगेच नवीन रबर मागवू नका, आधी साबणाच्या पाण्याने खाचा धुवा, बऱ्याचदा चिकट घाणच असते. रबर दबलं असेल तर गरम पाण्याने शेकून हाताने आकार द्या. फाटलं असेल तर मात्र बदलाच, चिकटवून काही होत नाही. आणि रबर चांगलं असून एकाच वरच्या कोपऱ्यात फट असेल तर बिजागरी खाली बसलीय, तिथे रबर बदलून उपयोग शून्य.

काही मशीनमध्ये खालच्या ट्रेला स्वतःचा हीटर असतो. ५०० वॅटचा हीटर सगळं जमून आलं तरी तासाला पाऊण लिटरच्या आतच पाणी उडवतो, त्यावर क्षारांचा पांढरा थर चढला की गरम तर होतो पण जळून लवकर जातो. थर काढा आणि फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून हीटर चालू करणारा) हाताने उचलून हीटर चालू होतो का बघा. हे सगळं ठीक असूनही ट्रे भरत असेल तर दरवाजा फारच उघडा राहतोय किंवा आत गरम, उघडी भांडी ठेवली जातायत, त्याला मशीन काय करणार. शेवटचा पर्याय म्हणजे पाइप काढून फ्लोअर ड्रेनवर सोडायचा, पण मध्ये मोकळी हवा ठेवून. गटाराच्या पाइपला थेट जोडला तर तुंबल्यावर घाण पाणी उलटं येईल आणि ते खाण्याच्या वस्तूंचं कपाट आहे.

प्रश्न : काचेच्या दरवाजाचा कूलर बाहेरून घामाने डबडबतो आणि खाली पाणी टपकतं.

हा पाण्याचा लीक नाहीच. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की साधारण २४ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूला घाम येतो. म्हणूनच बऱ्याच कूलरच्या फ्रेममध्ये किंवा काचेत बारीक हीटर दिलेला असतो. वीज वाचवायचं म्हणून एक बटण दिलेलं असतं आणि कोणीतरी कधीतरी ते दाबून ठेवलेलं असतं, आधी ते बघा. मग थर्मोस्टॅट उगाच खूप खाली नेलाय का, एसीचा झोत थेट काचेवर येतोय का. फक्त दोन काचांच्या मध्ये धुकं असेल, जे पुसताच येत नाही, तर काचेचं सील गेलंय, काचच बदलायची.

प्रश्न : कोल्ड रूममध्ये वरच्या युनिटमधून टपटप होतं. दोनदा ड्रेन साफ केला, तरी थांबत नाही.

मग कदाचित ते ड्रेनचं पाणी नसेलच. ट्रेमध्ये पाण्यात खाण्याचा रंग टाका. खाली पडणारा थेंब रंगीत असेल तर ट्रे किंवा ड्रेन. थेंब स्वच्छ असेल तर कुठल्या तरी गार पाइपला घाम येतोय, बहुतेक सक्शन लाइनवरचं, म्हणजे कॉइलमधून कंप्रेसरकडे परत जाणाऱ्या गार पाइपवरचं काळं फोम कुठेतरी उघडं पडलंय, जॉइंटजवळ किंवा क्लॅम्पखाली. तिथे नुसती टेप गुंडाळू नका, ओलं फोम कापून काढा, पाइप कोरडा करा, नवीन फोम चढवून सांधे चिकटवा.

रंगीत निघाला तर पाइपचा ढाळ मोजा, दर मीटरला दोन सेंटिमीटर तरी हवा. लांब पाइप मध्येच पोटात झोळ धरतो आणि तिथे पाणी थांबतं. ट्रॅप, म्हणजे पाणी धरून हवा अडवणारं पाइपचं वाकण, आहे का आणि कुठे आहे तेही बघा, तो खोलीच्या बाहेर, उबदार भागात असला पाहिजे. ट्रॅपच नसेल तर पाइपमधून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, पाणी नीट उतरत नाही आणि फ्रीजर रूम असेल तर ड्रेनच्या तोंडाशीच बर्फ धरतो. दोन युनिट असतील तर प्रत्येकाला वेगळा ट्रॅप, मग पुढे पाइप एकत्र केला तरी चालतो.

प्रश्न : ड्रेन तुंबू नये म्हणून दर आठवड्याला ब्लीच किंवा अॅसिड ओतलं तर?

ओतू नका. कॉइलचे पत्रे अॅल्युमिनियमचे, नळ्या तांब्याच्या, दोघांनाही ते खातं, आणि कॉइलला पिनहोल, म्हणजे टाचणीएवढं भोक, पडलं की मग खरोखरच गॅसचं काम निघेल. ब्लीच आणि अॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो ते वेगळंच, तोही बंद किचनमध्ये. कोमट पाणी आणि सौम्य साबण महिन्यातून एकदा पुरतो, किंवा एसीवाले ट्रेमध्ये टाकतात त्या गोळ्या मिळतात, त्या घेताना खाद्यपदार्थांच्या फ्रीजला चालतात का एवढं पाकिटावर वाचून घ्या.