पाण्यात ऑक्सिजन असूनही पाण्याने आग विझते कशी?
पाण्यातला ऑक्सिजन हायड्रोजनशी घट्ट जोडलेला असतो, आगीला तो मिळतच नाही. पाण्याचं खरं काम उष्णता ओढून घेण्याचं. १ किलो उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ती जळत्या वस्तूतूनच जाते, वस्तू थंड पडते आणि पेटती राहत नाही. वाफेमुळे हवाही थोडी हटते, पण उघड्या शिवारात त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून आमच्या लातूरकडे सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेल्या पिकाचा ढीग, पेटली की नुसतं वरून टँकरचं पाणी मारून भागत नाही. वरचा थर काळा, ओला दिसतो. आत धग तशीच असते. दाताळ्याने काड विस्कटून आतपर्यंत भिजवावं लागतं.

कढईतलं तेल पेटलं तर मात्र पाणी अजिबात टाकू नका. गॅस बंद करा, झाकण ठेवा.