शहराची लोकसंख्या घटली तर बरंच ना? त्यात अडचण कसली?

लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला असंच वाटणार! पण जपानमधलं युबारी बघा. कोळशाच्या खाणींवर वाढलेलं हे शहर १९६०च्या सुमारास लाखाच्या वर होतं. शेवटची खाण १९९०मध्ये बंद पडली आणि २०२०पर्यंत उरले जेमतेम ७,३०० लोक. माणसं निघून जातात, पण पाण्याच्या पाइपलाइनी, रस्ते, बर्फ उपसण्याचा खर्च तिथेच राहतो, आणि तो भरणारे कमी, त्यातही म्हातारे जास्त. त्यात पालिकेने पर्यटक येतील म्हणून कर्ज काढून करमणुकीची पार्कं उभारली. २००७मध्ये दिवाळं निघालं. मग कर वाढले, सहा प्राथमिक शाळांची एक झाली. इथली खरबुजं तेवढी तेजीत: २०१९च्या लिलावात एक जोडी ५० लाख येनला गेली.