वाचकांचे प्रश्न : हिमाखाली गाडलेली वाट

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे आडबाजूच्या एका गोठलेल्या धबधब्यावर चढाई करण्यासाठी गेलो होतो. कोणीतरी नोंदवलेला जीपीएस ट्रॅक आणि धबधब्याचे एक छायाचित्र एवढाच आधार होता. पायवाट हिमाखाली गाडली गेली होती. ट्रॅक न सोडता चाललो, तरी चार तासांनी शेजारच्याच कोरड्या नाळेत (डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीत) पोहोचलो. आमचे कुठे चुकले?

उत्तर : तुम्ही पायवाटेचा माग काढत राहिलात, माग पाण्याचा काढायला हवा होता. हिवाळ्यात पायवाट, खुणेच्या दगडांच्या लगोऱ्या, झाडांवरचे रंगाचे पट्टे यांपैकी काहीही दिसेल याची शाश्वती नसते, पण धबधबा जिथे गोठतो तिथे पाणी कुठून तरी येते आणि पुढे कुठे तरी जाते, आणि हा ओघ नकाशावर बाराही महिने जागच्या जागी असतो.

ट्रॅकबद्दल आधी बोलू. अरुंद दरीत उपग्रहाचे संकेत कड्यांवर आपटून येतात, त्यामुळे नोंदीतले बिंदू कित्येक मीटर सरकलेले असू शकतात. मोकळ्या पठारावर त्याने काही बिघडत नाही. मात्र डोंगराच्या एका सोंडेच्या, म्हणजे खाली उतरत आलेल्या धारेच्या, दोन बाजूंना दोन नाळा असतील, तर तेवढ्या अंतरात नाळच बदलते. शिवाय तो ट्रॅक कोणत्या महिन्यातला होता, हे तुम्ही पाहिले होते का? उन्हाळ्यातली सोयीची आडवी वाट हिवाळ्यात थेट हिमस्खलनाच्या उतारावरून जात असते.

घरी बसून करायचे काम असे. समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर ओढ्याच्या जागी रेषांची टोके चढाच्या दिशेने वळलेली दिसतात. त्या टोकांमागून ओढा वर नेत जा आणि रेषा एकमेकींना चिकटतात ती जागा, म्हणजे उभा कडा, हेरा. तिच्या वर पाणलोट बऱ्यापैकी मोठा असेल तरच तिथे दमदार बर्फ धरण्याची शक्यता. मग उन्हाळ्याच्या अखेरीचे उपग्रहचित्र उघडा. कातळावर ओलसर काळपट पट्टा दिसला, तर बर्फाची रेघ बहुधा तीच. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्यावर ऊन कमी पडते, म्हणून तिथला बर्फ जास्त टिकतो.

प्रत्यक्ष चालताना 'डावीकडचा तिसरा ओढा' असा हिशेब ठेवू नका. लहान ओढे हिमाखाली सपाट होतात आणि मोजणी हमखास चुकते. त्याऐवजी सोंडा मोजा. त्या लपत नाहीत. जोडीला उंचीमापक ठेवा, मात्र तो हवेच्या दाबावर चालणारा असल्यास प्रत्येक ओळखीच्या ठिकाणी नव्याने जुळवून घ्या.

पाण्याचा माग काढायचा म्हणजे ओढ्याच्या पात्रातून चालायचे, असा अर्थ कृपया घेऊ नये. ओढ्यावरचा हिमाचा पूल पायाखाली खचू शकतो, आणि वरून सुटलेले सगळे हिम घळीतच येऊन साचते. घट्ट थराची हिमस्खलने (हिमाचा अख्खा थर एकदम तुटून घसरतो ती) बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. 1:25,000 प्रमाणाच्या, 20 मीटर अंतराच्या समोच्च रेषांच्या नकाशावर दोन रेषांमध्ये जेमतेम 1 मिलिमीटर जागा असेल, तर तो उतार सुमारे 39 अंशांचा, म्हणजे नेमका नको तो. म्हणून शक्य तितका वेळ बाजूच्या सोंडेवरून चाला आणि नाळेत अगदी शेवटी, त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज पाहूनच, एकेक करून शिरा. शोधयंत्र (हिमात गाडलेल्या माणसाचा ठाव रेडिओ संकेतांवरून लावणारे), फावडे आणि शोधकाठी (हिमात खुपसून पाहायची लांब काठी) ही तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत. तिघांत मिळून एकेक चालणार नाही.

चार तास मला जास्त वाटत नाहीत. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार ताशी सुमारे 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास धरतात. त्या हिशेबाने 6 किलोमीटर आणि 600 मीटर चढ यांना सव्वादोन तास लागतात. पण मांडीभर हिमात वाट फोडताना दुप्पट वेळही सहज जातो. मागे फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा आणि चालताना दर थोड्या वेळाने मागे वळून पाहा, कारण परतताना अंधारात तोच देखावा समोर असणार आहे.

प्रश्न : थंडीत मोबाइल अर्ध्या चार्जवरच बंद पडतो. उपाय काय?

उत्तर : थंडीत लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि व्होल्टेज घसरते, बॅटरी संपलेली नसतेच. मोबाइल अंगालगतच्या खिशात, विमान मोडवर ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. तरीही कागदी नकाशा आणि होकायंत्र बरोबर असू द्या, मात्र होकायंत्र मोबाइलच्या खिशात ठेवू नका आणि मोबाइलशेजारी धरून दिशाही पाहू नका. त्यातल्या चुंबकांमुळे सुई फसते.